आवारातली बारा झाडे

(विहाराच्या वर्धापनदिनी सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाला विद्वान वक्ते बोलवायची आपली प्रथा आहे. यंदा समितीने आम्हाला उभे केले. आम्ही म्हणजे हा बोलणारा एकटा नव्हे. पालिकेच्या उद्यान खात्यात हयात घालवलेले आम्ही चौघे जण आहोत, तिघे समोर बसलेत आणि चौथ्याला माईकपुढे ढकललंय. त्यामुळे जे चुकेल ते चौघांच्या नावावर लिहा.

विषय काय, तर फाटकापासून विहाराच्या पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना उभे असलेले आपले बारा पाम. मागच्या महिन्यातल्या मीटिंगला जे हजर होते त्यांना ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी लावली तेव्हा ही झाडे कवायतीला उभी केल्यासारखी एका मापाची होती. आज एक उंच, एक बुटके, एकाचे पोट सुटलेले, एकाची मान वाकडी. तेव्हा यातली पाच झाडे काढावीत आणि त्या जागी नवीन, एकसारखी लावावीत असा ठराव मांडला गेला. नर्सरीवाल्याने फसवले असेही काही जण म्हणाले. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला आणि त्याआधी आमचे मत ऐकायचे ठरले.

ठराव गेला असता तर आम्ही काही बोललो नसतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक मावशी आमच्याकडे आल्या. नाव सांगत नाही, त्या इथेच बसल्यात. बाराही झाडे कुणा ना कुणाच्या स्मृतीत दिलेली आहेत. मावशींनी चार घरची धुणीभांडी करून पैसे साठवले आणि मालकांच्या नावाने एक झाड दिले. काढायच्या पाचांत त्यांचे झाड पहिले. मावशी म्हणाल्या, “भाऊ, सगळ्यांची झाडं वर गेली. माझ्याच झाडात काय खोट हाय?”

आम्ही त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही. चार दिवस टेप घेऊन, फावडे घेऊन एकेक झाड बघितले. ते उत्तर आज देतो, पण त्याच्यापर्यंत जायला जरा वळसा घ्यावा लागेल.

आधी नावाची भानगड. आपण यांना बॉटल पाम म्हणतो. महाराष्ट्रात सगळेच म्हणतात. पण खरा बॉटल पाम वेगळा, तो मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या छोट्या बेटावरचा, माणसापेक्षा थोडा उंच आणि खालून सुरईसारखा फुगलेला. आपले आहेत ते रॉयल पाम, क्यूबाकडचे. क्यूबाचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. शास्त्रात त्याचे नाव रॉयस्टोनिया. कुक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०० साली रॉय स्टोन नावाच्या लष्करी इंजिनिअर जनरलच्या सन्मानार्थ ते ठेवले.

आता याच झाडाची गंमत बघा. क्यूबातले रॉयल पाम आणि समोरच्या फ्लोरिडातले रॉयल पाम यांच्या दिसण्यात थोडा फरक वाटायचा. म्हणून कैक वर्षे पुस्तकांत त्या दोन वेगळ्या जाती होत्या. १९९६ मध्ये झोना नावाच्या संशोधकाने या सबंध कुळाचा अभ्यास करून सांगितले की, बाबांनो, ही जात एकच आहे. म्हणजे मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा दिसण्यावरून वेगळी चूल मांडून बसले होते. मग आपल्या मीटिंगमध्ये गोंधळ झाला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

झाड वेगळे का दिसते? पहिली गोष्ट जन्माची. भन्तेजी बसलेत म्हणून पालीतला आधार घेण्याचे धाडस करतो. चुकलं तर त्यांनी सांगावं. रोप कशापासून उगवते याचे पाच प्रकार आपल्या ग्रंथांत सांगितलेले आहेत: मूलबीज, खंधबीज, फळुबीज, अग्गबीज आणि बीजबीज. मुळापासून उगवणारे, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि बियांपासून. ऊस पेरापासून लावता येतो, गुलाब काडीपासून. तिथे नवीन झाड म्हणजे जुन्याचाच तुकडा, त्यामुळे ते हुबेहूब तसेच निघते. एकखोडी पाम मात्र बीजबीज. त्याची फांदी लागत नाही, कलम होत नाही. प्रत्येक झाड बियांतून येते आणि बी म्हणजे आई-बाप दोघांचे. एका घरात चार भावंडे असतात, एक आईवर, एक बापावर, एक आज्यावर आणि एक कुणावर गेलंय ते कळतच नाही. त्यांना आपण घराबाहेर काढतो का? हे इथेच सोडतो. माणसांवर घसरलो की झाडांचं राहून जातं.

मीटिंगमध्ये असेही कुणी म्हणाले की, पैसे जास्त पडले तरी चालेल पण फॉक्सटेल पाम लावू, ते सगळे एकसारखे येतात. फॉक्सटेल चांगलाच पाम आहे, कोल्ह्याच्या शेपटीसारखी गुबगुबीत झावळी. पण तोही बियांचाच. आज नर्सरीत एका उंचीचे दिसतात, कारण नर्सरीवाला एका वयाची रोपे निवडून एका रांगेत ठेवतो. आमचे बाराही तसेच निवडून आणले होते. नऊ वर्षांनी फॉक्सटेलचीही हीच मीटिंग भरेल.

फॉक्सटेलचे नाव निघालेच आहे तर एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये केप मेलव्हिल म्हणून भाग आहे, मोठमोठ्या दगडधोंड्यांचा. हे झाड फक्त तिथले. तिथल्या आदिवासींना ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते, शास्त्राला नव्हते. १९८३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले गेले ते वोडिएशिया. वोडिएटी नावाच्या आदिवासी माणसावरून. त्या झाडाची परंपरागत माहिती असलेला तो शेवटचा माणूस, १९७८ मध्ये वारला. एका पामाला जनरलचे नाव आणि एका पामाला आदिवासी म्हाताऱ्याचे. पुढे या झाडाला जगभर इतकी मागणी आली की नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राखीव जंगलातून बी चोरून नेण्याचे प्रकार झाले.

बियांच्या चोरीवरून ब्राझीलची हकिगत आठवते. रिओ दि जानेरोच्या वनस्पती उद्यानात १८०९ मध्ये पोर्तुगालच्या राजपुत्राने एक पाम लावला. आपल्या रॉयल पामचा हा थोरला चुलतभाऊ, रॉयस्टोनिया ओलेरेसिया. ते झाड राजाचे, म्हणून त्याचे बी कुणाच्या हाती लागू नये असा उद्यानाच्या एका अधिकाऱ्याचा हुकूम होता, फळे धरली की जाळून टाकायची. पण उद्यानात राबणारे गुलाम रात्री झाडावर चढून बी काढत आणि बाहेर विकत, अशी हकिगत सांगतात. ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, ज्यांच्या मालकीचे स्वतःचे शरीरसुद्धा नव्हते त्यांनी राजाचे झाड गावभर केले. मूळ झाडावर १९७२ मध्ये वीज पडली आणि ते गेले. त्याच्या वंशातली झाडे आजही तिथे रांगेने उभी आहेत.

या चुलतभावाचा आपल्याशी संबंध आहे. आपल्या बारांपैकी उजव्या रांगेतले दुसरे आणि पाचवे झाड आम्हाला पहिल्यापासून खटकत होते. बाकीच्यांच्या झावळ्या चहूबाजूंनी पिसारल्यासारख्या, खालच्या झावळ्या लोंबून हिरवी मान झाकतात. या दोघांची मान उघडी, खालच्या झावळ्या आडव्या आणि पाती जवळजवळ एका पातळीत. खोड बुंध्याशी रुंद आणि वर सरळ. आमच्या मते हे दोन ओलेरेसिया आहेत. नर्सरीवाल्याने जाणून केले असे वाटत नाही, कारण लहानपणी दोघांची रोपे ओळखणे आम्हालाही जमले नाही. निवड करायला आम्हीच गेलो होतो. म्हणजे यांचा फरक हा जातीचा फरक आहे. हा शब्द या सभागृहात जपून वापरावा लागतो, पण वनस्पतिशास्त्रात त्याला इलाज नाही. झाडे मात्र दोन्ही ठणठणीत आहेत.

आता डाव्या रांगेतल्या तिसऱ्याकडे या, ज्याला पोरं ढेरपोट्या म्हणतात. हा जन्माचा फरक नव्हे, जागेचा आहे. आंब्याचे, लिंबाचे खोड दरवर्षी थोडे थोडे जाड होत जाते. पामाचे तसे नाही. तो आधी जमिनीलगत आपली रुंदी कमावतो आणि मग वर निघतो. वर जाताना जेवढा घेर त्या त्या वर्षी बनला तेवढाच पुढे राहतो. रॉयल पामाचे पोट थोडे सुटतेच, तो त्याचा स्वभाव. पण पाणी भरपूर मिळाले की ते जास्त सुटते, ओढ बसली की तिथे कंबर बारीक होते. तिसऱ्या झाडाशेजारी आपली पाण्याची टाकी आहे. दोन-अडीच वर्षे तिचा नळ गळत होता, कितीदा सांगूनही कुणी बघितले नाही. ते सगळे पाणी या झाडाने प्यायले. पुढे नळ दुरुस्त झाला आणि बरोबर तिथून खोड एकदम बारीक आहे. समितीच्या प्रोसिडिंग बुकात नळ दुरुस्तीची तारीख सापडणार नाही, झाडावर सापडेल.

शेवटचे, लिंबाखालचे झाड वाकडे आहे ते उजेडापायी. सावलीतून डोके बाहेर काढण्यासाठी ते रस्त्याकडे झुकले. त्याची पानेही जास्त गडद आहेत. खात्री करायची असेल तर स्टेजपुढच्या या दोन कुंड्या बघा. दोन्ही अरेका पाम, मूळचा मादागास्करचा. एका वर्षी, एका दिवशी आणलेले. एक बाहेर उन्हात असते, तिच्या देठांवर सोनेरी पिवळा रंग चढलाय. दुसरी हॉलमध्ये असते, ती हिरवीगार आणि लांबलचक. मागे एका ताईंनी पिवळी कुंडी आजारी समजून तिला महिनाभर आत ठेवले होते. आजारी कुणीच नव्हतं.

वयाचीही गोष्ट आहे. लहान रोपाचे पान अखंड असते, मोठे होता होता ते फाटून पिसासारखे होते. नारळाचे रोप ज्याने बघितलंय त्याला हे सांगायला नको. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ मध्ये लावलेला एक बुटका पंखापाम आजही उभा आहे. जर्मन महाकवी गटे १७८६ मध्ये तिथे गेला होता. एकाच झाडावर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पान कसकसे बदलत जाते हे बघून तो थक्क झाला आणि वनस्पतींच्या रूपांतरावर त्याने १७९० मध्ये एक पुस्तकच लिहिले. आम्ही तीस वर्षे तेच बघत होतो, पण आमच्या डोक्यात पुस्तक काही आलं नाही. आमच्या डोक्यात मस्टर.

ज्यांना हट्टाने एकसारखेच पाहिजे, त्यांनी जपानी लोकांकडे बघावे. त्यांच्याकडे कान्नोन्चिकु म्हणून एक छोटा पाम कुंडीत जपतात. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, त्याचा बांबू, असा त्या नावाचा अर्थ. त्याला बुडातून फुटवे येतात, त्यामुळे फुटवा वेगळा काढून हुबेहूब तेच झाड करता येते. पानावरच्या पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांवरून त्याचे शंभरावर प्रकार नावानिशी त्यांनी जपलेत. तरीसुद्धा एखादा पट्टेवाला फुटवा अचानक साधा हिरवा निघतोच.

आपल्याकडचेही एक उदाहरण देतो, मग मूळ मुद्द्यावर येतो. नाल्याकाठची शिंदी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या पानांची केरसुणी आपल्या मातंग बांधवांनी पिढ्यान् पिढ्या बांधली. लक्ष्मीपूजनाला केरसुणी पाटावर आणि ती बांधणारा अंगणाबाहेर, हे आपल्या म्हाताऱ्यांनी बघितलंय. या शिंदीत बघा, एकीची पाने राखी-निळसर, दुसरीची हिरवी. नर झाड वेगळे, मादी वेगळे. जिला नीरेसाठी छेद देतात तिचे खोड छेद घेत घेत नागमोडी होते, तो फरक तर माणसाच्या हाताचा. हीच शिंदी आज अमेरिकेत सिल्व्हेस्टर पाम या नावाने शोभेचे झाड म्हणून भारी किमतीला विकली जाते. आपल्या आवाराच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली शिंदी मागच्या साफसफाईत तोडली गेली. तोडणाऱ्यांत आमच्यातलाही एक होता.

आता मावशींचे झाड.

ते आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले. कारण बाकीच्या चार झाडांबद्दल आम्ही छातीठोकपणे सांगतो की त्यांच्यात काही बिघाड नाही. दोन वेगळ्या जातीची, एकाने पाणी जास्त प्यायले, एक उजेडाकडे झुकले. तसाच फरक मावशींच्या झाडाचाही आहे असे सांगितले असते तर मावशींना बरे वाटले असते आणि आमचीही सुटका झाली असती. पण तो फरक नव्हे. ते झाड आजारी आहे.

पामाचा आजार ओळखायची एक खूण लक्षात ठेवा. खालचे जुने पान पिवळे पडत असेल, त्यावर नारिंगी ठिपके येत असतील, तर बहुधा पालाश कमी पडतंय. अशी पाने पिवळी दिसली तरी कापायची नसतात, झाड त्या जुन्या पानातून पालाश काढून वरच्या नव्या पानाला देत असते. आपण दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आवार चकाचक करायचे म्हणून ती छाटतो. पण मावशींच्या झाडाची जुनी पाने बरी आहेत, बिघाड आहे तो नव्या पानात. नवे पान आखडलेले, करपल्यासारखे, चुरगळून बाहेर येते. हे मँगनीज कमी पडल्याचे लक्षण. आम्ही बुंध्याशी उकरले. हातभर खाली विटांचे तुकडे, चुना, जुन्या भिंतीचा राडारोडा. चुन्याच्या जमिनीत मँगनीज असले तरी मुळाला घेता येत नाही. शिवाय झाड नको इतके खोल लावलेले, त्यामुळे मुळांना हवाही कमी.

हा खड्डा कुणी भरला? आम्ही चौघांनीच. त्या दिवशी सकाळपासून अकरा खड्डे नीट काळी माती आणि शेणखत घालून भरले. ज्यांची वर्गणी आधी आली त्यांची झाडे आधी. मावशींचे पैसे महिनाअखेर आले, म्हणून त्यांचा नंबर बारावा. तोवर माती संपली होती, जेवणाची पंगत बसली होती. कुणीतरी म्हणाले, पाडलेल्या भिंतीचा भराव पडलाय तोच टाका. टाकला. रोप त्यात खोल दाबले आणि हात धुवून पंगतीला गेलो. नऊ वर्षे ते झाड त्या चुन्यात उभे आहे आणि नऊ वर्षे आपण म्हणतोय, हे खुरटं निघालं.

मावशी, तुमच्या झाडात खोट नव्हती. खड्ड्यात होती, आणि तो आमच्या हातचा होता.

ते वाचेल का, असे तुम्ही विचाराल. पामाचा सगळा जीव शेंड्यातल्या एका कोंबात असतो. तो मेला की दुसरीकडून फूट येत नाही. शेंडा तोडलेल्या ताडाचा दृष्टांत तथागतांनी दिला आहे, पुन्हा न उगवणाऱ्या तृष्णेसाठी. आम्ही शिडी लावून मावशींच्या झाडाचा कोंब बघितला. तो जिवंत आहे. बुंध्याभोवतीचा राडारोडा मुळांना धक्का न लावता थोडा थोडा काढायचा, चांगली माती आणि कुजलेले शेणखत भरायचे, मँगनीज सल्फेट जमिनीतून द्यायचे आणि पानांवर फवारायचे. आत्ताची आखडलेली पाने सुधारणार नाहीत, ती तशीच राहतील. पुढची पाने नीट येतात का ते कळायला काही महिने जातील. सगळा भराव एका हंगामात निघणार नाही, आणि बाकीच्या अकरांची उंची त्याला गाठता येईल असे आम्ही सांगत नाही.

समितीला आमची विनंती एवढीच की ठराव मागे घ्यावा आणि नव्या झाडांसाठी धरलेल्या रकमेतून एक ट्रॉली काळी माती मंजूर करावी. मजुरी लागणार नाही. कुदळ, फावडे आणि चार घमेली बाराव्या झाडाजवळ ठेवली आहेत. भोजनदानाची पंगत बसायला अजून अर्धा तास आहे, आम्ही चौघे आता तिकडेच जातो. यावेळी पंगत नंतर.

जयभीम. नमो बुद्धाय.